वाचक विचारतात : डॉक्टर, माझ्या आजाराचं नक्की नाव काय?

मागच्या वेळी एका पत्राला उत्तर देताना मी ओझरतं लिहिलं होतं की काही पेशंटमध्ये ल्युपस (त्वचा, सांधे, किडनी असं कुठेही सूज आणणारा), स्क्लेरोडर्मा (कातडी ताठ करणारा), मायोसायटिस (स्नायूंना सूज आणणारा), संधिवात असे दोन-तीन ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचे, आजार एकमेकांत मिसळलेले असतात, आणि त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की आजचं सगळं सदर त्यालाच देतोय. नावं कुणाचीच छापत नाही. पत्रं थोडी कापलीत, कारण काहींनी अख्खी फाइलच टाइप करून पाठवलीय.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, वय ३४. काही वर्षांपूर्वी थंडीत बोटं पांढरी पडायला लागली, सांधे दुखायचे, एएनए (ऑटोइम्यून आजारासाठीची रक्ताची अँटीबॉडी टेस्ट) पॉझिटिव्ह आला, तेव्हाच्या डॉक्टरांनी यूसीटीडी सांगितलं. नंतर चेहऱ्यावर लाली आली, पांढऱ्या पेशी कमी झाल्या तर दुसऱ्यांनी ल्युपस म्हटलं. आता बोटं सुजलीत, अंगठी जात नाही, आणि तिसरे डॉक्टर म्हणतात एमसीटीडी. तिघांपैकी चुकलं कोण? आणि आत्तापर्यंतच्या गोळ्या चुकीच्या होत्या का?

उत्तर : ताई, तिघांपैकी कुणीच चुकलं नसावं. हे आजार सगळं सामान घेऊन एका दिवशी येत नाहीत, एक लक्षण आज, दुसरं दोन वर्षांनी, तिसरं कदाचित कधीच नाही. आणि यांची अशी एखादी टेस्ट नसते की जी पॉझिटिव्ह आली की नाव पक्कं. लक्षणं, तपासणीत काय दिसलं, रक्तात कुठल्या अँटीबॉडी आहेत, हे सगळं एकत्र मांडून नाव ठरतं, त्यामुळे मांडायला नवीन काही मिळालं की नाव बदलू शकतं.

तुमच्याकडे सुरुवातीला पांढरी बोटं, सांधेदुखी आणि एएनए एवढंच होतं. त्यावर ल्युपसही म्हणता येत नाही आणि स्क्लेरोडर्माही म्हणता येत नाही, म्हणून यूसीटीडी, म्हणजे आजार ऑटोइम्यून आहे पण अजून कुठल्या एका चौकटीत बसत नाही. असे जे पेशंट असतात त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना पुढे एखादा ठराविक आजार होतो, तोही बहुतेक वेळा पहिल्या काही वर्षांतच. बाकीचे वर्षानुवर्षं तिथेच राहतात, काहींची लक्षणं तर जवळपास जातात. त्यामुळे तेव्हाच तुम्हाला ल्युपस म्हणून जोरदार औषधं दिली असती तर तीच चूक ठरली असती.

आता एमसीटीडीचं, म्हणजे मिक्स्ड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीजचं. १९७२ साली अमेरिकेत गॉर्डन शार्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे पेशंट एकत्र करून दाखवले ज्यांच्यात ल्युपस, स्क्लेरोडर्मा आणि स्नायूंच्या सुजेची लक्षणं मिसळलेली होती आणि रक्तात एक ठराविक अँटीबॉडी होती, जिला आपण आज यू१ आरएनपी म्हणतो. ही अँटीबॉडी नसेल तर एमसीटीडी म्हणायचं नाही. पण नुसती ती आहे म्हणूनही म्हणायचं नाही, कारण ल्युपसच्या बऱ्याच पेशंटमध्ये ती सापडते. सोबत चित्र जुळावं लागतं : पांढरी पडणारी बोटं, सुजून गुबगुबीत झालेले हात, सांध्यांना सूज, दंड-मांड्यांत कमजोरी, अन्न गिळताना छातीत अडकल्यासारखं होणं. तुमच्या रिपोर्टात एएनए ठिपक्यांसारखा (स्पेकल्ड), १:१२८० (म्हणजे रक्त तेवढ्या पट पातळ करूनही पॉझिटिव्ह) आणि आरएनपी खूप जास्त आहे, हात सुजलेत, म्हणजे तिसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं बसतंय.

हे नाव म्हणजे खरंच वेगळा आजार आहे की दुसऱ्या आजाराचा एक टप्पा, यावर रुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे या आजारांचे डॉक्टर, अजून भांडतात. मी त्या भांडणात पडत नाही, कारण पेशंटच्या गोळ्या त्यावर ठरत नाहीत. सांधे सुजलेत तर सांध्यांचं औषध, स्नायू कमजोर असतील तर त्याचं, फुप्फुसात काही असेल तर त्याचं वेगळं आणि ते सगळ्यात आधी. म्हणून तुमच्या जुन्या गोळ्या वाया गेल्या असं समजू नका. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन तिन्ही नावांखाली दिली गेली असती आणि तिन्ही वेळा ते बरोबरच होतं.

पुढच्या भेटीत नावाची चौकशी जरा बाजूला ठेवून एवढंच विचारा की आत्ता माझे कुठले अवयव आजाराच्या तावडीत सापडलेत आणि कशावर नजर ठेवायची आहे. उत्तर एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फाइलच्या अगदी वर लावा. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, अगदी डेंटिस्टकडे, तर आधी तो कागद दाखवायचा.

प्रश्न : हेल्थ चेकअपमध्ये एएनए १:१६० पॉझिटिव्ह आला. मला काहीच त्रास नाही, पण नेटवर वाचून झोप उडालीय. दर तीन महिन्यांनी परत करू का?

उत्तर : नको. धडधाकट माणसांत १:८० ला साधारण १३ टक्के आणि १:१६० ला ५ टक्के लोकांचा एएनए पॉझिटिव्ह येतो, आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात कधी ल्युपस-बिल्पस होत नाही. ही टेस्ट त्रास नसलेल्या माणसाची करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, पॅकेजमध्ये ती घालणाऱ्यांना मात्र कोण सांगणार. आणि आजार असलेल्यांनीही लक्षात ठेवा, एकदा पॉझिटिव्ह आला की एएनए परत परत करून आजार वाढला की कमी झाला हे कळत नाही. तुम्ही एकदा लघवीची साधी तपासणी आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्या, दोन्ही नॉर्मल असेल तर सोडून द्या. बोटं पांढरी पडणं, सांध्यांना सूज, उन्हात गेल्यावर चट्टे, कोरडे डोळे असं काही सुरू झालं तरच दाखवा.

प्रश्न : वय ५२, एमसीटीडी आहे, सांधे आता छान आहेत, काहीच तक्रार नाही. तरी माझ्या डॉक्टर दर वर्षी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि फुप्फुसाची फुंकायची टेस्ट करायला लावतात. दोन्ही दर वेळी नॉर्मल येतात. यंदा नाही केली तर चालेल का?

उत्तर : काकू, नाही चालणार, आणि तुमच्या डॉक्टरांचं मला कौतुक वाटलं.

सुरुवातीला या आजाराबद्दल असं समजत होते की हा सौम्य आहे, थोडं स्टेरॉइड दिलं की झालं. मग तेच पेशंट पुढे वर्षानुवर्षं पाहिल्यावर लक्षात आलं की त्यातल्या काही जणांना फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांमध्ये प्रेशर वाढतं, ज्याला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात, आणि एमसीटीडीमध्ये जिवावर बेतण्याचं ते एक मुख्य कारण आहे. दंडाला पट्टा बांधून मोजतो त्या बीपीशी याचा संबंध नाही, ते अगदी १२० बाय ८० असताना इकडचं प्रेशर वाढलेलं असू शकतं. दुसरं म्हणजे आयएलडी, फुप्फुसाच्या जाळीतच सूज येऊन पुढे ती कडक होत जाते. दोन्हींची अडचण एकच, सुरुवातीला माणसाला काहीही जाणवत नाही. जाणवलं तरी आपण वयावर ढकलतो, वजनावर ढकलतो, जिना चढताना दम लागतो तर लिफ्टने जायला लागतो आणि मग डॉक्टरांना सांगतो की मला दम लागत नाही. हे मी रोज ऐकतो. म्हणून मी पेशंटला दम लागतो का असं विचारतच नाही, मी विचारतो की मागच्या वर्षी न थांबता किती मजले चढत होतात आणि आता किती.

फुंकायच्या टेस्टमध्ये एक आकडा असतो, डीएलसीओ. फुप्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो ते त्यात कळतं. फुप्फुसाची क्षमता ठीक आणि हा आकडा मात्र दर वर्षी उतरतोय असं दिसलं की आम्ही रक्तवाहिन्यांकडे संशयाने बघायला लागतो, इको थोडा बरा दिसत असला तरी. क्षमता आणि डीएलसीओ दोन्ही उतरले की एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईने केलेला सीटी स्कॅन) करून जाळी बघतो. म्हणजे एका वर्षाचा रिपोर्ट एकटा फारसं बोलत नाही, चार वर्षांचे शेजारी शेजारी ठेवले की कळतं, म्हणून जुने नॉर्मल रिपोर्ट फेकू नका, त्यांचीच खरी गरज पडते.

आणि इथे आजारांच्या मिसळणीचा फरक पडतो बरं का. निव्वळ स्क्लेरोडर्मामधलं पल्मनरी हायपरटेन्शन असेल तर रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं, सिल्डेनाफिल, बोसेंटान वगैरे, हाच मुख्य आधार. पण ल्युपसचा किंवा एमसीटीडीचा भाग असेल तर काही पेशंटमध्ये इम्यूनिटी दाबणाऱ्या औषधांनीही ते प्रेशर उतरतं. लवकर सापडलं तर.

तुम्हाला पायांवर सूज, चालताना चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी, कोरडा खोकला जो आठवडे जात नाही, यातलं काहीही झालं तर वर्ष पूर्ण व्हायची वाट बघू नका.

प्रश्न : बायकोला स्नायूंचा आजार आणि फुप्फुसाला सूज असं दोन्ही आहे, जो-१ अँटीबॉडी पॉझिटिव्ह. तिच्या बोटांच्या कडांना भेगा पडतात, त्वचेच्या डॉक्टरांनी एक्झिमा म्हणून मलम दिलं पण जात नाही. याचा संबंध आहे का?

उत्तर : आहे, आणि बघितलंत ते बरं केलंत. अंगठ्याची आतली कड आणि शेजारच्या बोटाची त्याला लागणारी कड, तिथे कातडी जाड, खरखरीत होऊन आडव्या भेगा पडतात, दिवसभर अवजारं हाताळणाऱ्या माणसाच्या हातासारखं दिसतं, म्हणून त्याला मेकॅनिक हँड्सच म्हणतात. अँटीसिंथेटेज सिंड्रोम नावाच्या मिश्र आजाराची ती खूण आहे : स्नायू, फुप्फुस, सांधे, पांढरी बोटं, अधूनमधून ताप आणि हे हात. मलम लावा, पण भेगा खऱ्या कमी होतील त्या आतला आजार आवरला की. यात फुप्फुस कधी कधी स्नायूंच्या आधी बिघडतं, सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा) नॉर्मल असताना सुद्धा, त्यामुळे सीपीके उतरलं म्हणून सगळं ठीक असं धरू नका.

प्रश्न : माझ्या गोळ्यांचा गोंधळ झालाय. मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, प्रेडनिसोलोन १० एमजी, फॉलिक अ‍ॅसिड. डोळे जातील म्हणून एक बंद केली, चेहरा सुजला म्हणून स्टेरॉइड पण बंद करायचं मनात आहे. शिवाय मेथोट्रेक्सेट रोज घ्यायची की कशी ते चिठ्ठीवर नीट वाचता येत नाही.

उत्तर : थांबा. शेवटचं आधी.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. एक वार ठरवा, कॅलेंडरवर लाल पेनने लिहा, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा. चुकून रोज घेतली की तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात, जीव जातो, हे अतिशयोक्ती करून सांगत नाहीये. गेले काही दिवस रोज घेतली असेल तर हे पान बाजूला ठेवा आणि आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये जा, तोंड आलं नसलं तरी. फॉलिक अ‍ॅसिड तिचे साइड इफेक्ट कमी करायला असतं, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी घ्या. मधूनमधून सीबीसी आणि लिव्हरची टेस्ट करायची.

स्टेरॉइड मनाने बंद करायचं नाही. तीन आठवड्यांच्या वर चालू असलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, एकदम बंद केलं की बीपी पडतं, उलट्या होतात, माणूस गळून जातो. कमी करायचंच आहे, आम्हालाही ते कायम ठेवायचं नसतं, पण हळूहळू आणि विचारून. आणि ज्यांच्या मिश्र आजारात स्क्लेरोडर्माचा भाग मोठा आहे, कातडी ताठ होत चाललीय, त्यांनी दुसऱ्या आजाराच्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, कारण अशा पेशंटमध्ये प्रेडनिसोलोन १५ एमजी किंवा त्याच्या वर दिलं की किडनीचा एक गंभीर अटॅक यायचा धोका वाढतो, ज्यात बीपी अचानक खूप चढतं. अशांनी घरी बीपीचं मशीन ठेवावं आणि एकदम वाढलेलं दिसलं, सोबत डोकं दुखतंय, धूसर दिसतंय, तर त्याच दिवशी दाखवावं. वेळेत एसीई इनहिबिटर गटाची औषधं सुरू झाली तर किडनी वाचू शकते.

आता डोळे. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा डोस वजनाच्या किलोमागे रोज ५ एमजीच्या आत असेल तर पहिल्या ५ वर्षांत पडद्याला इजा व्हायचं प्रमाण १ टक्क्याच्या खाली, १० वर्षांत २ टक्क्यांच्या खाली. २० वर्षांनंतर मात्र ते २० टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणून तपासणी. सुरू केल्यावर पहिल्या वर्षात एकदा, मग ५ वर्षांनंतर दर वर्षी. किडनीचा त्रास असेल तर आधीपासूनच. नुसता चष्म्याचा नंबर काढून चालत नाही, ओसीटी (पडद्याचा स्कॅन) आणि फील्ड टेस्ट (नजर कडेपर्यंत नीट आहे का ते बघायची) असं सांगून करून घ्या. आणि ही गोळी डोळ्यांच्या भीतीने बंद करणं हा मला सगळ्यात वाईट सौदा वाटतो, कारण ल्युपसचा भाग असलेल्यांमध्ये फ्लेअर (आजार पुन्हा उसळणं) थांबवण्यात तिच्याइतकं स्वस्थपणे काम करणारं औषध दुसरं नाही. असर दिसायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून लोक कंटाळून सोडतात.

प्रश्न : एसएसए म्हणजे रो अँटीबॉडी पॉझिटिव्ह आहे, डोळे-तोंड कोरडं आणि सांधेदुखी. मूल हवंय. सासूबाई म्हणतात एवढ्या गोळ्यांत कसं होणार. धोका किती?

उत्तर : होऊ शकतं, फक्त आधी ठरवून. आजार निदान सहा महिने शांत असावा. मेथोट्रेक्सेट चालू असेल तर एक ते तीन महिने आधी, मायकोफेनोलेट असेल तर निदान सहा आठवडे आधी बंद करून त्याजागी दुसरं देतात, अ‍ॅझाथायोप्रिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन गरोदरपणात चालतात. रो पॉझिटिव्ह आईच्या बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावण्याचा, म्हणजे हार्ट ब्लॉकचा धोका १ ते २ टक्के असतो. म्हणजे शंभरातल्या ९८ बाळांना तो नसतो, हे सासूबाईंना पण सांगा. आधीच्या बाळाला झाला असेल तर धोका बराच वाढतो, आणि तिथे हायड्रॉक्सीक्लोरोक्विन दहाव्या आठवड्याच्या आत सुरू असेल तर तो साधारण निम्मा होतो असं दिसलंय. सोळाव्या-अठराव्या आठवड्यापासून बाळाच्या हृदयाची इको किती वेळा करायची ते तुमच्या गायनॅकशी आत्ताच बोलून ठेवा. मात्र पल्मनरी हायपरटेन्शन असलेल्यांनी गरोदर राहू नये असंच आम्ही सांगतो, म्हणून ठरवण्याआधी एकदा इको हवाच.

प्रश्न : बोटं पांढरी पडतात, त्यावर काय करू? गरम पाण्यात धरते.

उत्तर : कोमट पाण्यात धरा, गरम नको, बधिर बोटाला चटका कळत नाही. फक्त हातमोजे घालून भागत नाही, अख्खं अंग उबदार ठेवा, कारण छाती-पोट गार पडलं तरी बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतात. सिगारेट पूर्ण बंद, घरात दुसरा कुणी ओढत असेल तर त्याचीही. एवढं करून थांबत नसेल तर निफेडिपिन, अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळ्या असतात. टोकाला जखम झाली किंवा एखादं बोट पांढरं-निळं होऊन परत लाल होतच नाही, काळपट दिसतंय, तर ती इमर्जन्सी आहे.

प्रश्न : मुलगी २२ वर्षांची, रिपोर्ट आता बरे आहेत तरी सतत झोपून असते, म्हणते अंगात त्राण नाही. घरात सगळे आळशी म्हणतात. मी आई म्हणून काय समजू?

उत्तर : ताई, आधी हे बघा की थकव्याला दुसरं कारण आहे का, कारण तिथे उपाय सोपा असतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड (ऑटोइम्यून पेशंटला थायरॉइडही बऱ्याचदा असतो), व्हिटॅमिन डी, झोप, मन उदास आहे का, आणि सीपीके. खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं का, केस विंचरताना हात खाली येतात का, हे घरीच बघा. उठता येत नसेल किंवा हात खाली येत असतील तर तो थकवा नाही, ती स्नायूंची कमजोरी आहे, लगेच दाखवा.

हे सगळं नीट असूनही थकवा राहतो, बऱ्याच जणांना राहतो, आणि ईएसआर-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट) नॉर्मल आले म्हणून तो खोटा ठरत नाही. गोळी वाढवून तो जात नाही हेही खरं. थोडा फायदा होतो तो चालण्याचा : पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटं, दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं तर तेवढंच ठेवायचं, नाही आलं तर दोन मिनिटं वाढवायची. बरं वाटतंय त्या दिवशी आठवड्याची सगळी कामं उरकायची आणि मग तीन दिवस पडून राहायचं, हा प्रकार बंद. पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना तिला आळशी म्हणणाऱ्यांपैकी एकाला बरोबर घेऊन जा.

आणि ताप आला तर तो आजाराचाच आहे असं धरून घरी बसू नका. इम्यूनिटी दाबणाऱ्या गोळ्या चालू असताना ताप म्हणजे आधी इन्फेक्शन बघायचं. निव्वळ ल्युपसच्या फ्लेअरमध्ये बऱ्याचदा ईएसआर वाढतो आणि सीआरपी फारसा हलत नाही, दोन्ही चढले असतील तर आम्ही इन्फेक्शन जास्त शोधतो. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी तिला चालतात, फक्त जिवंत लस कुठलीही विचारल्याशिवाय द्यायची नाही.